आधी भिंत मोजावी, मग रंग आणावा

दीपावलीचा मंगल सण समीप आला की घरोघरी भिंती रंगविण्याचे वेध लागतात. घर स्वच्छ व प्रसन्न असावे, तेथे लक्ष्मीचे स्वागत व्हावे, ही भावना त्यामागे असते. परंतु लक्ष्मीच्या स्वागतासाठी आरंभिलेल्या या कार्यातच लक्ष्मीचा अपव्यय पुष्कळदा घडतो. रंग अधिक आणला तर उरलेला डबा माळ्यावर वाळून जातो. कमी पडला तर ऐन धनत्रयोदशीच्या तोंडावर बाजार गाठावा लागतो, आणि नव्याने आणलेली छटा भिंतीवरच्या छटेशी तंतोतंत जुळेलच असे नाही. दोन्ही आपत्तींचे मूळ एकच, ते म्हणजे मोजल्यावाचून बांधलेला अंदाज.

आपल्या वाडवडिलांना ही चिंता फारशी नव्हती. चुना विरवावा, त्यात थोडी नीळ व डिंकाचे पाणी घालावे आणि कुंचल्याने भिंती सारवाव्यात, अशी रीत होती. चुना स्वस्त, उरला तर पाण्याखाली झाकून ठेवता येई, आणि कमी पडला तर पांढऱ्यावर पांढरा सहज मिळून जाई. आजच्या इमल्शनचे तसे नाही. तो महाग, आणि यंत्रावर छटा मिसळून दिलेला डबा दुकानदार सहसा परत घेत नाहीत. म्हणून आज हिशेबावाचून गत्यंतर नाही.

हा हिशेब मात्र अवघड नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चा ‘लीलावती’ हा भाग आपणां सर्वांस नावाने तरी परिचित आहे. त्यात क्षेत्रफळाचा विचार आहे आणि त्रैराशिकही आहे. रंगाच्या हिशेबाला या दोहोंपलीकडे तिसरे काही लागत नाही.

एक उदाहरण घेऊ. खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद व १० फूट उंच आहे. चारही भिंतींची एकत्र लांबी ४४ फूट. तिला उंचीने गुणले असता ४४० चौरस फूट येतात. यातून ७ फूट उंच व ३ फूट रुंद असे एक दार, म्हणजे २१ चौरस फूट, आणि ४ फूट बाय ३ फुटांच्या दोन खिडक्या, म्हणजे २४ चौरस फूट, वजा करावे. राहिले ३९५. छताचे १२० चौरस फूट वेगळे मांडावेत, कारण छताला बहुधा पांढरा रंग असतो.

आता त्रैराशिक. डब्यावर एका लिटरात किती चौरस फूट रंगतात हे छापलेले असते. समजा, दोन हातांसाठी तो आकडा १२० आहे. तर १२० हे प्रमाण, १ लिटर हे फळ आणि ३९५ ही इच्छा. फळाला इच्छेने गुणून प्रमाणाने भागले की सुमारे ३.३ लिटर येतात. सांडलवंड व पुढील डागडुजी यांसाठी दहावा हिस्सा अधिक धरला तर ३.६ होतात. म्हणजे ४ लिटरचा एक डबा पुरे. १० लिटरचा आणण्याचे कारण नाही. छताला याच रीतीने लिटरभराहून किंचित अधिक लागेल. म्हणून घरातील सर्व छतांची बेरीज करूनच पांढरा रंग आणावा.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. डब्यावरचा आकडा एका हाताचा की दोन हातांचा, हे नीट वाचावे. एका हाताचा आकडा दोन हातांचा समजल्यास निम्माच रंग घरी येतो. उलट घडल्यास दुप्पट. वजा केलेले दारही हिशेबातून सुटत नाही. त्याला तैलरंग लागतो. दोन्ही बाजू मिळून ४२ चौरस फूट, शिवाय चौकट, असा त्याचा स्वतंत्र हिशेब करावा.

कीर्तनात पूर्वरंग नीट मांडला नाही तर उत्तररंग रंगत नाही. भिंतीचेही तसेच आहे. पोपडे खरवडणे, भेगा पुट्टीने बुजविणे आणि प्रायमरचा हात देणे हा भिंतीचा पूर्वरंग होय. कोरडा, खडबडीत गिलावा रंग पिऊन टाकतो. मग डब्यावरचा आकडा खरा ठरत नाही. गडद भिंतीवर फिकी छटा द्यावयाची असल्यास तिसरा हात लागू शकतो, तोही आधीच धरावा. रंग पुरावा म्हणून प्रमाणाबाहेर पाणी घालणे ही काटकसर नव्हे. रंग विरळ होतो, भिंत झाकत नाही आणि आणखी एक हात द्यावा लागतो.

एका छटेचे सारे डबे एकाच वेळी आणावेत. ते एका मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घेतले म्हणजे एका डब्याचा दुसऱ्याशी असणारा सूक्ष्म भेद भिंतीवर उमटत नाही. उरलेला थोडा रंग घट्ट झाकणाच्या बरणीत भरून तिच्यावर छटेचा क्रमांक व तारीख लिहावी. तो मोरीत ओतू नये. मोरीचे पाणी अखेर नदीलाच मिळते.

तेव्हा वाचकहो, दुकानाची पायरी चढण्यापूर्वी टेप, कागद आणि पेन्सिल घेऊन घरातील मुलांकडूनच भिंती मोजवून घ्याव्यात. मुलांना क्षेत्रफळ कळेल आणि घरचा खर्च आटोक्यात राहील. त्यातून एका डब्याचे मोल वाचलेच, तर ते भिंती रंगविणाऱ्या कारागिराच्या घरच्या फराळास द्यावे. त्याच्याही घरी दिवाळीच असते.