मेणाविना म्युझियम

पुण्याच्या मार्केट यार्डातला फळ-भाजी विभाग शनिवारी बंद असतो. त्यामुळे गुलटेकडीच्या गाळ्यांवर सहलीचे बेत शुक्रवारीच शिजतात. कोल्हापूरकडे निघालेल्यांच्या यादीत अंबाबाई, जोतिबा आणि जोडीला कणेरी मठ. ‘तिथलं मेणाच्या पुतळ्यांचं म्युझियम चुकवू नका,’ असं जाणाऱ्यांना बजावलं जातं, आणि बघून आलेलेही पुढच्याला तेच सांगतात. प्रत्यक्षात कणेरीत मेण औषधालाही नाही. पुतळे सिमेंटचे आहेत.

या समजुतीचं मूळ लंडनमध्ये. मारी तुसाँ 1761 साली स्ट्रासबुर्गला जन्मली आणि फिलिप कर्टियस या डॉक्टरकडे मेणकाम शिकली. 1802 साली ती आपले पुतळे घेऊन इंग्लंडला गेली, तीसेक वर्षं गावोगाव खेळ मांडत फिरली आणि 1835 साली बेकर स्ट्रीटवर स्थिरावली. तिच्या म्युझियममधली कामाची रीत अजून फारशी बदललेली नाही. माणसाची शेकडो मापं घ्यायची, मातीत नमुना घडवायचा, त्यावरून प्लास्टरचा साचा काढून त्यात मेण ओतायचं. निवताना मेण आकसतं, म्हणून मातीचा नमुना सुमारे दोन टक्के मोठा ठेवतात. डोक्यावरचा केस न् केस सुईनं रोवायचा. एका पुतळ्याला कित्येक महिने लागतात. आपला सचिन तिथे 2009 साली पोचला, माधुरी 2012 साली. आशा भोसले यांचा पुतळा 2017 साली दिल्लीच्या शाखेसाठी झाला; ती शाखा पुढे बंद पडली आणि नोएडात नव्यानं उघडली. लोणावळ्यात सुनील कंडल्लूर यांचं मेणाचं म्युझियम आहेच. मुंबईहून येणारे तिथे हमखास थांबतात, चेहरा किती जमलाय यावर वाद घालतात आणि चिक्की घेऊन पुढे जातात.

मधमाशीचं मेण वितळायला 62 ते 64 अंश लागतात, पण मऊ ते त्याच्या कितीतरी आधी पडतं. म्हणून त्याला बंद, थंड दालन हवं. कणेरीचं सिद्धगिरी ग्रामजीवन म्युझियम उघड्यावर आहे, सातेक एकरांत, आणि कोल्हापूरचा पाऊस काय असतो ते सांगायला नको. तिथे सिमेंटच टिकणार. अदृश्य काडसिद्धेश्वर स्वामींच्या कल्पनेतून हे गाव उभं राहिलं. सुमारे ऐंशी प्रसंग आणि तीनशेच्या आसपास पुतळे.

तुसाँच्या घरात शिरायला नाव लागतं. इथे सुरुवातीचे ऋषिमुनी सोडले, तर गावातली माणसं बिननावाची. लोहार भात्यापाशी, कुंभार चाकाशी, न्हावी गिऱ्हाइकाच्या डोक्याशी. कुणाच्या हातावरच्या शिरा, कुणाच्या बसण्यातला थकवा इतका नेमका की लहान मुलं बोट लावून बघतात. मला हे लंडनपेक्षा मोठं काम वाटतं. प्रसिद्ध चेहरा चुकला तर कुणीही सांगेल. लोहाराचा खांदा चुकला तर ते फक्त लोहाराला कळतं.

माझी तक्रार वेगळी आहे. हे गाव फार गुण्यागोविंदानं नांदतं. त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ हे पुस्तक 1915 साली आलं. त्यात बलुत्यांची व्यवस्था आहे, तशीच तिच्यातली ओढाताण आणि कुरबुरीही. कणेरीत विहीर दिसते. तिच्यावर पाणी भरायला कुणाला मनाई होती ते दिसत नाही. ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम 1970च्या दशकात चालवावी लागली, आणि ती चालवणारे बाबा आढाव हे पुण्याच्या हमालांचे पुढारी. यार्डातल्या हमाल पंचायतीला, 1974 साली निघालेल्या ‘कष्टाची भाकर’ या स्वस्त जेवणाच्या केंद्राला त्यांचंच नाव जोडलेलं. गाव सुटलेला माणूस शहरात पाठीवर पोती वाहू लागला, त्याची गोष्ट सिमेंटच्या वेशीबाहेर सुरू होते. तिच्यात हमालांसाठीचा 1969चा माथाडी कायदाही येतो.

एवढं मनात ठेवून कणेरीला जरूर जावं. पुण्याहून गाडीनं साडेचार-पाच तास, कोल्हापूर ओलांडलं की गोकुळ शिरगावच्या बाजूला. भर दुपार टाळा, सावली बेताची आहे. आणि सोबत सत्तरीतलं कुणीतरी न्या, खेड्यात वाढलेलं. पाटीवर लिहिलेलं नसतं ते सगळं तेच सांगतील, अधूनमधून शिल्पकाराच्या चुकाही काढतील.