बेंजो कुठल्या बंदरातून आला?

लग्नसराईत हळदीच्या रात्री मोरा कोळीवाड्यात काय किंवा उरण तालुक्यातल्या एखाद्या आगरी गावात काय, ढोल, ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड या सगळ्यांच्या वर जो धारदार, किंचित नाकातला सूर तरंगत असतो, तो बेंजोचा. गायक नसला तरी अडत नाही. शब्द लोकांना पाठ असतात, चाल बेंजो सांगतो. ज्या घरांत लग्नाचे विधी लग्नगीतं गाणाऱ्या धवलारणीच्या गळ्यावर चालत आले, त्याच घरांच्या मांडवात आज चाल सांगण्याचं काम या वाद्याकडे आहे. पथकात ढोल कितीही असोत, नाव ‘बेंजो पार्टी’च. २०१६ साली रवी जाधवांनी याच नावाचा हिंदी चित्रपट काढला, इतकं हे वाद्य ओळखीचं आहे. पण ते आलं कुठून, असं विचारलं की तीन उत्तरं सारख्याच ठामपणे मिळतात: अमेरिकेतून, जपानातून, आणि ‘आपलंच आहे’. तिन्हींत थोडंथोडं तथ्य आहे असं म्हणून मोकळं होता येईल, पण ते गुळमुळीत उत्तर झालं. माझ्या मते एक उत्तर साफ चूक आहे, एक आराखड्यापुरतं बरोबर आहे आणि एक आवाजापुरतं. हा निवाडा ऐकीव गोष्टींवर सोडायची गरज नाही. तो वाद्याच्या अंगावरून करता येतो.

वाद्य समोर ठेवून पाहू. एक लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या धातूच्या तारा आणि तारांच्या वर कळांची मांडणी. कळा दोन पातळ्यांवर बसवलेल्या असतात, पियानोच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांसारख्या. उजव्या हातात नखी, डाव्या हाताची बोटं कळांवर. कळ दाबली की तिच्या खालची धातूची पट्टी तारेवर बसते, तारेची कंप पावणारी लांबी कमी होते आणि सूर चढतो. शेजारच्या काही तारांना कळ पोचतच नाही. त्या षड्ज-पंचम धरून नुसत्या गुणगुणतात. गिटारला मान असते, सतारीला दांडी असते, याला दोन्ही नाही. होर्नबोस्टेल आणि झाक्स या दोन अभ्यासकांनी १९१४ साली जगभरच्या वाद्यांचं जे वर्गीकरण केलं, त्यात मानेवर तारा असलेली वाद्यं एका घरात आणि पेटीवर तारा ताणलेली दुसऱ्या घरात आहेत. त्या हिशेबाने बेंजो हा स्वरमंडळाचा आणि संतूरचा भाऊबंद ठरतो, गिटारचा नव्हे. अमेरिकन बँजोचा तर मुळीच नव्हे. त्या बँजोला लांब मान असते, गोल चौकटीवर डफासारखा पडदा ताणलेला असतो आणि त्याची मुळं गुलाम म्हणून नेल्या गेलेल्या आफ्रिकी लोकांच्या वाद्यांत आहेत. कळ नावाची गोष्ट त्याच्यात औषधालाही सापडत नाही. दोघांत नाव समान आहे आणि तारेचा थोडासा टणत्कार, बस.

इथे पहिला आक्षेप येतो की नाव हाही पुरावाच आहे, तो असा झटकून कसा टाकता? नाव पुरावा आहेच, पण वाद्य कोणी घडवलं याचा नव्हे, ते कोणत्या नावाखाली विकलं गेलं याचा. आपल्याकडे आजही कुठल्याही वॉशिंग पावडरला लोक एकाच कंपनीचं नाव देतात, त्यावरून तिचा कारखाना ठरत नाही. नावावर आणि लेबलावर किती विसंबावं, याचा धडा जुन्या इलेक्ट्रिक गिटारींच्या अभ्यासकांकडून घ्यावा. गिब्सन कंपनीची दोन मानांची ईडीएस-१२७५ ही त्यांची आवडती डोकेदुखी. एका मानेवर बारा तारा, दुसरीवर सहा. १९५८ साली अमेरिकेतल्या कॅलमझू इथे ती ऑर्डरप्रमाणे घडवायला सुरुवात झाली. आरंभी पोकळ अंगाची होती, १९६०नंतरच्या दोनतीन वर्षांत ती भरीव लाकडाची झाली आणि १९७१ साली रॉक गिटारवादक जिमी पेजने हाती घेतल्यावर जगप्रसिद्ध झाली. अशी एखादी जुनी गिटार समोर आली की पहिला मोह अनुक्रमांक पाहण्याचा होतो. पण त्या कारखान्याने साठच्या दशकात तेच आकडे पुन्हापुन्हा वापरले, त्यामुळे एका आकड्याच्या दोन-तीन गिटारी निघतात. मग माणसं तारांचा आवाज टिपणाऱ्या पिकअपच्या पाठीवरचा कागद वाचतात. तिथे काही वर्षं ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ एवढंच छापलेलं असे, नंतर पेटंटचा आकडा आला: २,७३७,८४२. गंमत अशी की हा आकडा त्या पिकअपचा नाहीच. तो गिटारवादक लेस पॉलच्या, तारा अडकवण्याच्या पट्टीच्या पेटंटचा आहे. त्या पिकअपचं, म्हणजे सेथ लव्हरच्या रचनेचं, खरं पेटंट २,८९६,४९१ क्रमांकाचं, १९५९ साली मिळालेलं. कारखान्याने स्वतः चिकटवलेला कागदच जिथे चुकीची वाट दाखवतो, तिथे दुकानदाराने दिलेल्या ‘बेंजो’ या नावावर वंशावळ कशी उभी करायची? म्हणून ही माणसं शेवटी गिटार उघडतात आणि आवाजाच्या बटणाच्या पोटावर उमटवलेला आकडा पाहतात. त्यात बनवणाऱ्या कंपनीचा संकेत असतो, वर्ष असतं, आठवडा असतो. तो आकडा गिऱ्हाइकाला दाखवायला उमटवलेला नसतो, म्हणून त्याच्यावर विश्वास जास्त.

बेंजोच्या बाबतीत असा न दाखवलेला पुरावा म्हणजे कळांची यंत्रणा. तार कळेने दाबायची कल्पना युरोपात मध्ययुगापासून आहे, पण तिथे तार चाकाने किंवा गजाने घासतात. सपाट पेटी, टाइपरायटरसारख्या कळा आणि नखीने छेडलेल्या धातूच्या तारा हा नेमका संच १९१२ साली जपानमधल्या नागोया शहरात मोरिता गोरो याने जुळवला. त्याच वर्षी जपानात तैशो राजवट सुरू झाली, म्हणून वाद्याचं नाव ‘तैशोगोतो’, म्हणजे तैशो काळातलं कोतो (जपानी तंतुवाद्य). स्वस्त, हलकं, संगीत न शिकलेल्या माणसालाही आकड्यांवरून वाजवता येईल असं. दोन वेगळ्या जागी माणसांना एकच युक्ती स्वतंत्रपणे सुचू शकते, हा आक्षेप रास्त आहे. एखादा भाग जुळला असता तर मी तो मान्यही केला असता. इथे मात्र पेटी, कळांच्या दोन पातळ्या, कळेखालची पट्टी आणि नखी हे सगळं एकत्र जुळतं. शिवाय ज्या रागसंगीतात मींड हा प्राण आहे, त्या परंपरेतल्या कारागिराने आपणहून बारा ठरीव सुरांच्या कळांचं वाद्य घडवलं असतं, हे पटायला जड जातं. तसं वाद्य बाहेरूनच येतं आणि आल्यावर त्याच्यातून मींड काढण्याची धडपड सुरू होते.

आता हे वाद्य आलं कसं. नकाशावर त्याची ठाणी मांडली की एक गोष्ट लख्ख दिसते. कराचीत आणि मकरान किनाऱ्यावरच्या बलुच लोकांत ते ‘बेंजू’ आहे, आपल्याकडे ‘बेंजो’, उत्तर हिंदुस्थानात ‘बुलबुल तरंग’, मालदीवमध्येही बुलबुलच. पूर्व आफ्रिकेत मोम्बासाच्या ताराब संगीतात त्याला ‘ताशकोटा’ म्हणतात, आणि त्या शब्दात ‘तैशोगोतो’ अजून ऐकू येतं. उत्तर हिंदुस्थान सोडला तर ही सगळी ठाणी बंदरं किंवा बेटं आहेत. मुंबई आणि जपान यांच्यात थेट आगबोट सेवा १८९३ सालीच सुरू झाली होती. जमशेदजी टाटांनी निप्पॉन युसेन कैशा या कंपनीला हाताशी धरून ती उभी केली, कारण इथला कापूस तिकडच्या गिरण्यांना हवा होता. कापूस घेऊन गेलेल्या बोटी परतताना रिकाम्या येत नाहीत. विसाव्या शतकाच्या विशी-तिशीत मुंबईचे बाजार स्वस्त जपानी मालाने भरलेले होते, त्यात अशा वाद्याला जागा सहज मिळाली असणार. कराची तर १९३६ सालापर्यंत मुंबई इलाख्यातच होती, तेव्हा या दोन शहरांत वाद्याला जवळजवळ एकच नाव पडावं यात नवल काही नाही. ‘बेंजू-बेंजो’ हे नाव अमेरिकेचा पुरावा देत नाही, पण कराची-मुंबई या जलमार्गाचा पुरावा मात्र चोख देतं. मोऱ्यासारख्या बंदराला तर वेगळं सांगायला नको. भाऊच्या धक्क्यावरून लाँच सुटली की तासाभरात मोरा, ओहोटी आणि गाळ आडवा आला नाही तर. मुंबईच्या बाजारात आलेली वस्तू इथे पोचायला रेल्वेची वाट पाहत बसली नाही.

इथवर आराखड्याचं झालं. पण हळदीच्या मांडवात ऐकू येतो तो तैशोगोतोचा आवाज नव्हे. लाकडी पेटीतून निघणारा तो मूळ आवाज एका खोलीपुरता. ढोल-ताशापुढे तो उभासुद्धा राहणार नाही. आजचा बेंजो विजेवर बोलतो. तारांखाली पिकअप असतो, म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. वर पोलादी तार थरथरली की चुंबकक्षेत्र हलतं, गुंडाळीत वीज उमटते, ती अँप्लिफायरकडे जाते. यावर कोणी म्हणेल, मग ही इलेक्ट्रिक गिटारच झाली की, फक्त मान कापलेली. उलट आहे. पिकअपवर चालणारं पहिलं यशस्वी वाद्य, १९३२ साली बाजारात आलेलं रिकनबॅकरचं ‘फ्राइंग पॅन’, हे मांडीवर आडवं ठेवून वाजवायचं हवाईयन गिटार होतं. विजेच्या वाद्यांत दोन मानांची कल्पनाही आधी याच आडव्या वाद्यांत रुजली. पोलादी कांडी तारांवर सरकवत वाजवायचं, तर एका जुळणीत सगळे स्वरमेळ बसत नाहीत, म्हणून शेजारी दुसऱ्या जुळणीचा संच. उभ्या इलेक्ट्रिक गिटारीने ती युक्ती नंतर उचलली. म्हणजे वीज आणि आडवं वाद्य यांची सोयरीक गिटार खांद्याला लागण्याआधीची आहे. बेंजोवादकांनी गिटारची नक्कल केली नाही. आडव्या वाद्यात जे आधीपासून बसत होतं, तेच आपल्या पेटीत बसवलं.

हे बसवणं इथे झालं की तेही जपानातून तयार आलं? जपानातही इलेक्ट्रिक तैशोगोतो बनतात, तेव्हा हा प्रश्न चुकवता येत नाही. उत्तर पेटीच्या आत आहे. पिकअपची खाच पेटी रंगवण्याआधी कोरलेली असेल तर खाचेच्या कडांवर पॉलिश उतरलेलं दिसतं. नंतर कोरलेली असेल तर कोरं लाकूड दिसतं आणि छिन्नीचे फटकारेही. जुनी स्क्रूची भोकं लांबीने बुजवलेली असतील तर तिथे आधी दुसरं काहीतरी होतं. वायरचं वेष्टण सुती की प्लॅस्टिकचं, डाग कारखान्याचा सुबक की दुकानातल्या कावियाचा ढेकळासारखा, हेही बोलतं. तारांचा मुद्दा तर निर्णायक आहे. पितळी तार पिकअपला जवळजवळ ऐकूच येत नाही, त्यामुळे वीज आली की त्या जागी पोलादी तारा घालाव्याच लागतात. त्यांच्यासोबत खुंट्या आणि घोडी बदलतात, पेटी जाड होते. ज्या वाद्यात हे बदल एकामागून एक, जोड देत, ठिगळं लावत झालेले दिसतात, ते वाद्य गरजेपोटी जागच्या जागी वाढलं असं म्हणावं लागतं. तयार आलेल्या वस्तूत ठिगळं नसतात.

यावर दोन हरकती आहेत, आणि दोन्ही मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली, गंज आणि झीज पाहून वय ठरवाल तर फसाल. खरंच आहे. मोऱ्याच्या खाऱ्या हवेत दोन पावसाळे काढलेला पिकअप पुण्यातल्या वीस वर्षं जुन्या पिकअपपेक्षा म्हातारा दिसतो. म्हणूनच गंज हा पुरावा धरायचा नाही. रंग आधी की खाच आधी, डाग आधी की भोक आधी, हा क्रम मात्र गंजाने पुसत नाही. दुसरी हरकत अशी की लाकूड उचकटण्यापेक्षा जुन्या वादकांना विचारा. विचारावंच, कोणी कोणाकडून घेतलं, गुरू कोण, कोणत्या गल्लीत दुरुस्ती व्हायची, हे लाकूड सांगणार नाही. पण ‘पहिला इलेक्ट्रिक बेंजो आमच्याच पार्टीचा’ हे वाक्य ज्या गावात विचाराल त्या गावात मिळेल. साक्ष आणि पेटी जुळली तर साक्ष घ्यावी, न जुळल्यास मी पेटीच्या बाजूने उभा राहीन.

आराखडा जपानी म्हटलं की काहींना वाटतं, वाद्य हातातून गेलं. त्यांनी हार्मोनियम आठवावी. १८४२ साली पॅरिसच्या दबॅंने तिचं पेटंट घेतलं, आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दारात उभं केलं नाही, तरीही गोविंदराव टेंब्यांच्या हातातल्या पेटीला फ्रेंच म्हणायला कोणी धजणार नाही. बेंजोचा निवाडाही तसाच द्यावा लागेल: अमेरिका बाद, आराखडा नागोयाचा, वाट कापसाच्या बोटींची, आणि आज जो ऐकू येतो तो आवाज मुंबईचा आणि तिच्या खाडीपलीकडच्या वाड्यांचा. यातल्या शेवटच्या भागाचा पुरावा दर दुरुस्तीला कचऱ्यात जातो आहे. पार्टीत जुना बेंजो असेल तर पिकअप बदलण्याआधी पेटी उघडून आतून-बाहेरून चार फोटो काढा, कोणाकडून, कधी आणि केवढ्याला घेतला ते कागदावर लिहून पेटीतच चिकटवा, आणि काढलेला पिकअप भंगारात देऊ नका.