टायटल ब्लॉक नसलेली चित्रं

इंजिनिअरिंग ड्रॉइंगची शीट आठवा. उजव्या कोपऱ्यात टायटल ब्लॉक. त्यात नाव, रोल नंबर, तारीख. तो राहिला की शीट परत! माझी दोनदा आली आहे. त्यामुळे कुडाळकडच्या रूममेटने पिंगुळीच्या चित्रकथीबद्दल सांगितलं, तेव्हा मी पहिलं हेच विचारलं, "खाली सही कुणाची?" तो म्हणाला, "नसतेच रे."

पिंगुळीचे ठाकर कलाकार चित्रं समोर धरून रामायण-महाभारतातल्या कथा गातात. चित्र फूट-सव्वा फुटाच्या कागदावर, आणि असे दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले. एक बाजू दाखवून गायचं, पलटलं की पुढचा प्रसंग. एका कथेच्या गठ्ठ्याला 'पोथी' म्हणतात. सावंतवाडीच्या राजघराण्याचा या कलेला आश्रय होता. याच वळणाची जुनी चित्रं पैठण भागात मिळाली, म्हणून त्यांना 'पैठण शैली' म्हणू लागले. चित्रकाराचं नाव माहीत नाही, मग गावाचं लावलं.

युरोपातही हेच झालंय. प्रागच्या नॅशनल गॅलरीत तीन लाकडी फळ्या आहेत, त्रेबोन गावच्या मठातल्या चर्चसाठी १३८० च्या सुमारास रंगवलेल्या. चित्रकार अज्ञात, अभ्यासक त्याला 'त्रेबोनचा मास्टर' म्हणतात. आणि गंमत बघा, या फळ्याही दोन्ही बाजूंनी रंगवलेल्या! एका बाजूला ख्रिस्ताच्या शेवटच्या दिवसांतले प्रसंग, दुसऱ्या बाजूला संत. कारण अशा वेदीचित्रांना कपाटासारखी दारं असत. एरवी बंद, सणाला उघडी. त्या काळी फळीवर खडू आणि सरसाचा लेप देऊन तो घासून गुळगुळीत करत आणि अंड्याच्या बलकात कालवलेले रंग लावत. हा रंग चटकन वाळतो, ओला असताना मिसळायला वेळच मिळत नाही. म्हणून बारीक रेघांना रेघा लावत छटा आणायची. आपल्या सबमिशनच्या आदल्या रात्री हे जमणं कठीण!

भिवंडीत राहणाऱ्याला हे नवीन वाटू नये. रात्रभर मागाची खडखड ऐकतो आपण, पण ताग्यावर विणणाऱ्याचं नाव कुठे असतं?

पिंगुळीचं नाव मात्र आता लोकांना कळलंय. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. रूममेटने ही बातमी मला तीन वेळा तरी सांगितली असेल. त्याचं स्वतःचं दुखणं वेगळं. एका गॅदरिंगला स्टेजमागचा अख्खा पडदा त्याने रंगवला आणि छापील पत्रिकेत नाव भलत्याचंच आलं. दोन दिवस तो मेसला आला नाही.

परवा त्याने हॉस्टेलच्या फळ्यावर खडूने रावण काढला, दहाही तोंडं. मी कोपऱ्यात टायटल ब्लॉक आखून दिला. तो नको नको म्हणत होता. शेवटी नाव मीच लिहिलं.