जुन्या संगणकातून घरच्या नेटवर्कचा राखणदार

रायपूरजवळची उरला औद्योगिक वसाहत लोखंड आणि पोलादासाठी ओळखली जाते. येथील भट्ट्यांत भंगार वितळते आणि रोलिंग मिलमधून नवे पोलाद बाहेर पडते. घरातला जुना संगणकही बहुधा भंगाराच्याच वाटेला लागतो. मात्र त्याचा मदरबोर्ड, मेमरी आणि पॉवर सप्लाय शाबूत असतील, तर लिनक्सच्या साहाय्याने तो घरातील इतर संगणकांची राखण करू शकतो. यालाच फायरवॉल म्हणतात.

ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर हा वर्म विंडोजमधील एका त्रुटीचा फायदा घेऊन जगभर पसरला. त्यासाठी कोणी फाइल उघडण्याची आवश्यकता नव्हती. संगणक इंटरनेटला थेट जोडलेला असणे पुरेसे होते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय ४४५ क्रमांकाच्या पोर्टमधून असाच शिरला. दोन्ही वेळा दुरुस्ती आधीच उपलब्ध होती. असंख्य संगणकांवर ती बसवलेली नव्हती, इतकेच.

फायरवॉलसाठी संगणकाला दोन नेटवर्क कार्डे लागतात. एक मोडेमला जोडायचे, दुसरे घरातील स्विचला. त्यामुळे आत-बाहेर जाणारा प्रत्येक संदेश या संगणकातूनच जातो. मॉनिटर आणि कीबोर्ड केवळ मांडणीच्या वेळी लागतात. संदेश पारखणारी नेटफिल्टर ही यंत्रणा जानेवारी २००१ मधील लिनक्स कर्नेल २.४ पासून उपलब्ध आहे. तिला नियम सांगण्यासाठी आधी आयपीटेबल्स होते; २०१४ पासून एनएफटेबल्सही आले. तिचे काम वाड्याच्या दरवानासारखे चालते. आतून कोण बाहेर गेले हे तो लक्षात ठेवतो, त्याचे उत्तर आले की आत सोडतो आणि न बोलावता आलेल्याला दारातच थोपवतो. घरातल्याच कोणी संशयास्पद ई-मेलमधील फाइल उघडली, तर मात्र दरवानाचा इलाज चालत नाही.

बाजारातील बहुतेक राउटरमध्येही अशीच चाळणी असते. मग वेगळा संगणक कशाला? कारण स्वस्त राउटरच्या सुधारणा कंपनीकडून काही वर्षांत थांबतात, तर लिनक्सच्या सुधारणा मिळत राहतात. अर्थात, त्या बसवणे घरमालकाच्या हाती आहे. एकेकाळी लोकप्रिय असलेल्या आयपीकॉपची शेवटची आवृत्ती २०१५ मध्ये आली. ती आज बसवणे धोक्याचे. फार जुने यंत्रही उपयोगाचे नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिटी संगणकांवर नव्याने मांडणी करण्याची सोय बंद केली. तेव्हा ६४ बिटी प्रोसेसर पाहूनच सुरुवात करावी.

विजेचा हिशेबही विसरू नये. ६० वॉट घेणारा संगणक अहोरात्र चालला, तर महिन्याला सुमारे ४३ युनिट होतात. १० वॉटच्या राउटरला सात युनिट पुरतात. डीव्हीडी ड्राइव्ह आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड काढून टाकल्यास थोडी बचत होते. उरला परिसरात काळ्या धुळीचा त्रास मोठा आहे. तिच्यातील लोहकण विजेचे वाहक असल्याने मदरबोर्डवर शॉर्ट सर्किट होऊ शकते. म्हणून असा संगणक जमिनीपासून उंच ठेवावा आणि वीज बंद करून त्याचा पंखा नियमित स्वच्छ करावा.