बर्फावरची बदलीची नोकरी

आइस हॉकीतले मोठे तारे कसे जगतात, हे आपल्याला जाहिरातीसुद्धा सांगतात. आपण इथे बघणार आहोत तो दुसरा खेळाडू. हा दहा-पंधरा वर्षं खेळावर पोट भरतो, पण एका गावात सलग दोन हंगाम निघाले तर स्वतःला नशीबवान समजतो. सरकारी नोकरीतल्या बदलीला निदान थोडी मुदत मिळते. याला बातमी सकाळच्या सरावानंतर कळते आणि संध्याकाळी विमान गाठायचं असतं. त्याच्या पायांइतकंच त्याचं करिअर कागदावर चालतं, म्हणून कागद नीट समजून घेऊ.

आधी उतरंड. सगळ्यात वर एनएचएल, म्हणजे नॅशनल हॉकी लीग. तिचे 32 संघ, 7 कॅनडात आणि 25 अमेरिकेत. तिच्याखाली एएचएल, म्हणजे अमेरिकन हॉकी लीग. इथलेही संघ 32, आणि प्रत्येक जण वरच्या एकेका संघाशी बांधलेला. तिसरी पायरी ईसीएचएल. टोरांटोचे वरचे-खालचे दोन्ही संघ एकाच शहरात आहेत, पण एडमंटनचा खालचा संघ थेट कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डला. त्यामुळे बढती म्हणजे कुणाला टॅक्सीचा प्रवास, तर कुणाला देश बदलणं.

प्रवेश साधारण असा होतो. मुलगा सोळाव्या वर्षी घर सोडून ज्युनियर लीगमध्ये जातो आणि बऱ्याचदा त्या गावातल्या एखाद्या कुटुंबाकडे राहतो. अठराव्या वर्षी ड्राफ्ट येतो. संघ आळीपाळीने मुलं निवडतात. सात फेऱ्या, 224 नावं. त्यात नाव नसलं तरी दार बंद होत नाही. ब्रिटिश कोलंबियातल्या पंजाबी घरातला रॉबिन बावा ड्राफ्टमध्ये निवडला गेला नव्हता. तरी 1989 मध्ये वॉशिंग्टनकडून खेळून तो एनएचएलमधला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू ठरला. तिथे त्याचे सामने झाले 61, आणि तेवढ्यात संघ झाले चार. बाकीचं सगळं करिअर खालच्या लीगमध्ये गेलं.

आता पहिला महत्त्वाचा कागद, टू-वे करार. यात पगाराचे दोन आकडे असतात, एक वर असतानाचा आणि एक खाली असतानाचा. 2025-26 च्या हंगामात एनएचएलचा किमान वार्षिक पगार 7,75,000 डॉलर होता. समजा खालचा आकडा 85,000 आहे. पगार दिवसांवर मोजला जातो आणि हंगाम साधारण 190 दिवसांचा असतो. म्हणजे वर असताना दिवसाला सुमारे चार हजार डॉलर आणि खाली असताना साडेचारशे. वर काढलेला एक आठवडा खालच्या दोन महिन्यांएवढा पैसा देतो.

गफलत बहुतेक इथेच होते. बावीस वर्षांचा मुलगा वरचा आकडा धरून गाडी घेतो, घर भाड्याने घेतो आणि मग अकरा दिवसांत खाली येतो. पगारातून एजंटचा वाटा जातो. शिवाय अमेरिकेतली बरीच राज्यं, तिथे सामना खेळला तर तेवढ्या दिवसांच्या कमाईवर आपला कर लावतात. जाणते खेळाडू घरखर्च खालच्या आकड्यावर बसवतात.

दुसरा कागद वेव्हर. संघ जाहीर करतो की या खेळाडूला आम्ही खाली पाठवतोय, कुणाला हवा असेल तर 24 तासांत मागा. एकाहून जास्त संघांनी मागितला, तर गुणतक्त्यात खाली असलेल्याला तो मिळतो. कुणीच मागितला नाही, तर तो खालच्या संघात जातो. ते चोवीस तास फोन हातात धरून बसण्याचे. नको असल्याचं दुःख एकीकडे आणि कुणीतरी उचलून तिसऱ्याच गावी नेईल ही धास्ती दुसरीकडे.

नव्या मुलांना पहिली काही वर्षं वेव्हरमधून सूट असते, आणि तीच त्यांना नडते. दोघांचा खेळ सारखा असेल तर संघ सूट असलेल्यालाच खाली धाडतो, कारण तो हातचा जाण्याची भीती नसते. सूट संपलेला खेळाडू एकदा वेव्हरमधून सुटला की पुन्हा वर आल्यावर नवी मोजणी सुरू होते. वर एकूण 10 सामने खेळला किंवा 30 दिवस राहिला, की पुन्हा खाली पाठवण्याआधी त्याला वेव्हरवर ठेवावं लागतं. म्हणून नऊ सामने झालेल्या खेळाडूला अचानक बाहेर बसवलं, तर प्रशिक्षक रागावलाय असं समजू नये. हिशेब वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात चाललेला असतो.

नव्या संघात पोचल्यावर प्रशिक्षकाआधी भेटतो तो साहित्याची खोली सांभाळणारा. तो पहिल्यांदा स्केट्सच्या धारेचं विचारतो. पात्याच्या तळाला जी बारीक पन्हळ कोरतात तिची खोली प्रत्येकाची वेगळी असते. कुणी अर्धा इंच म्हणतो, कुणी पाच-अष्टमांश. हा आकडा पन्हळीच्या गोलाईच्या त्रिज्येचा. आकडा लहान तितकी पन्हळ खोल आणि बर्फावरची पकड घट्ट. मोठा असेल तर पाय जास्त सरकतो. ही माहिती चुकीची गेली, तर पहिल्याच वळणावर माणूस घसरतो. जर्सी तासाभरात तयार होते, पण हातमोजे मात्र दोन-तीन दिवस जुन्याच संघाच्या रंगाचे असतात. सरावाच्या फोटोत नवा आलेला कोण, हे त्यावरून ओळखता येतं.

बदलीचा कळस बघायचा असेल तर माइक सिलिंजर. 1989 च्या ड्राफ्टमध्ये अकराव्या क्रमांकावर निवडलेला हा रेजायनाचा खेळाडू एनएचएलच्या 12 वेगवेगळ्या संघांकडून खेळला. हा विक्रम आहे. 22 जुलै 2003 रोजी कोलंबसने त्याला डॅलसला दिलं आणि डॅलसने त्याच दिवशी फीनिक्सला. घरात दोन महिन्यांचं बाळ होतं. त्या बाळाला, म्हणजे कोल सिलिंजरला, 2021 मध्ये ड्राफ्टमध्ये निवडलं ते कोलंबसनेच.

यात सिलिंजर वाईट खेळत होता असं नाही. वाईट खेळाडू कुणी बारा वेळा मागत नाही. अशा खेळाडूची कामं चौथ्या फळीतली असतात: पक, म्हणजे खेळाची चकती, टाकल्यावर ती जिंकणं, आपला माणूस शिक्षेमुळे बाहेर असताना गोल वाचवणं, फटक्याच्या आड अंग घालणं. पंचेचाळीस सेकंद खेळायचं आणि परत बाकावर. असं एखादं काम चोख येणाऱ्याला कायम गिऱ्हाईक असतं.

पुढचा धोका खालच्या लीगमधल्या वयाचा. एएचएल ही मुलं घडवण्याची जागा मानली जाते. गोलकीपर सोडून एका सामन्यात 18 जण असतात. त्यातल्या 12 जणांचे व्यावसायिक सामने 260 किंवा त्याहून कमी हवेत आणि आणखी एकाचे 320 पर्यंत. जुन्यांसाठी उरल्या पाच जागा. हंगामाचे 72 सामने धरले, तर चार वर्षांत माणूस 260 ओलांडतो आणि पंचविशीच्या आसपासच ‘जुना’ होतो. पुढच्याच हंगामात 320 ही जातात.

याच वयात आणखी एक चूक घडते. थेट एएचएल संघाशी केलेला करार दिसायला सुरक्षित असतो, पण त्यावर एनएचएलमध्ये बोलावणं येत नाही. त्यासाठी वरच्या संघाशी वेगळा करार लागतो, आणि अशा करारांवर प्रत्येक संघाला 50 ची मर्यादा आहे. जागा भरल्या असतील तर कितीही गोल केले तरी उपयोग नाही. काहीच नसेल तेव्हा ट्रायआउट असतं, म्हणजे 25 सामन्यांपर्यंतची चाचणी-नोकरी. उलट एक सवलत अशी की पंचविशी गाठलेल्या, तीन व्यावसायिक हंगाम झालेल्या आणि एनएचएलचे 80 सामने न भरलेल्या खेळाडूला करार संपताच हव्या त्या संघाकडे जाता येतं. गोलकीपरसाठी हिशेब वेगळा. ही सवलत बऱ्याच जणांना एजंटने सांगितल्यावरच कळते.

मग युरोप. स्वीडन, फिनलंड, जर्मनी, स्वित्झर्लंड इथल्या लीगमध्ये पगाराबरोबर बहुधा घर आणि गाडी मिळते, आणि रोजची वर-खाली नसते. माझ्या मते बायकामुलं असलेल्या तिशीतल्या खेळाडूसाठी याहून बरा सौदा नाही. अडचण काही लीगमधल्या परदेशी खेळाडूंच्या मर्यादेची. म्हणून आजी-आजोबा जर्मन असलेला कॅनडियन खेळाडू जर्मन पासपोर्टच्या मागे लागतो. सापळा एकच: एनएचएलचा हंगाम सुरू झाल्यावर युरोपात एक जरी सामना खेळला, तर त्याच हंगामात परतताना वेव्हरमधून जावं लागतं. बोलावलं एकाने आणि उचललं दुसऱ्याने, असं होऊ शकतं.

शेवट बहुतेकदा गुडघा, कंबर किंवा डोक्याला बसलेला मार ठरवतो. पण या नियमांची इतकी वर्षं झळ सोसलेल्या माणसाला प्रशिक्षक म्हणून मागणी असते. वडिलांकडून भारतीय वंशाचा मॅनी मल्होत्रा सात संघांकडून 991 सामने खेळला. 2025 मध्ये त्याच्या हाताखाली ॲबट्सफर्डच्या, म्हणजे व्हँकूव्हरच्या खालच्या, संघाने एएचएलचा कॅल्डर करंडक जिंकला. त्या संघात ब्रिटिश कोलंबियातल्या सरी शहरातला अर्शदीप बैन्स होता. तोही ड्राफ्टमध्ये निवडला गेला नव्हता, आणि त्या हंगामात त्याच्याही व्हँकूव्हर-ॲबट्सफर्ड अशा खेपा चालूच होत्या.