वजन खरे लिहा

बहात्तरचा दुष्काळ म्हटले की धाराशिवकडची वयस्कर माणसे दोन गोष्टी हमखास सांगतात: अमेरिकेतून आलेली लाल मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी. धाराशिव म्हणजे तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, त्यात लातूरही होते. आया खडी फोडायला, पाझर तलावाच्या मातीकामावर जात. पोरे तिथेच बांधाला. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती. भूकबळींची लाट आली नाही, हे त्या काळच्या सरकारचे मोठेच काम. मात्र मजुरी मिळाली म्हणजे घर जेवले, असा तो हिशेब होता. मूल किती वाळले, हे गावात बघायची सोयच नव्हती.

ती सोय अंगणवाडीने केली. 1975 साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, हळूहळू गावोगावी वजनकाटे पोचले. आणि मग निराळाच आजार जडला. आकडा वाईट दिसला तर अंगणवाडीताईला वरून बोलणी बसत, म्हणून कागदावर मुले गुटगुटीत होऊ लागली. 2001 मध्ये वैजापूर तालुक्यातल्या भादलीत मुले दगावल्याच्या बातम्या आल्या तेव्हा हे उघडे पडले. औरंगाबादचे विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांनी त्यानंतर मराठवाड्याच्या सगळ्या जिल्ह्यांत मोहीम घेतली. तिचे सूत्र साधे होते: वजन खरे लिहा, त्यासाठी कुणाला शिक्षा होणार नाही. त्यातूनच 2005 मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभे राहिले. माझ्या मते अर्ध्या शतकातला या प्रश्नावरचा सर्वात धाडसी निर्णय खरे वजन लिहिण्याला अभय देण्याचाच. त्याला औषध लागले नाही, यंत्रही लागले नाही.

त्याच 2005 साली पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशात टोळधाड आणि अवर्षणानंतर अन्नटंचाईने कळस गाठला होता. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'ने तिथे वर्षभरात साठ हजारांहून जास्त तीव्र कुपोषित मुलांवर उपचार केले. एवढी मुले दवाखान्यात मावणार कुठे? शेंगदाणे, दूधपावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वे यांच्या पाकीटबंद लगद्याने तो पेच सोडवला. पाणी लागत नाही, शिजवावे लागत नाही. आई आठवड्याला पाकिटे घेऊन घरी जाते. भारतात मात्र हे पाकीट वादात सापडले. 2009 मध्ये केंद्राने युनिसेफला आणलेला साठा परत न्यायला सांगितले. घरचे अन्न की कंपनीची पुडी, हा वाद महाराष्ट्रातही पुढे बरीच वर्षे चालला. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेलेल्या, म्हणजे तीव्र कुपोषित, पोराला उपदेश पुरत नाही. आणि पुडी संपल्यावर घरात काय आहे, हाही प्रश्न उरतोच.

या दुसऱ्या प्रश्नावर धाराशिवकडे सांगण्यासारखे काही आहे. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच बायकांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केले. दवाखाना दूर असला तरी बाळाकडे बघणारे माणूस गल्लीत आले. 1993 च्या भूकंपानंतर इकडे आलेल्या स्वयं शिक्षण प्रयोगाने बायकांच्या हाती एकेक एकर दिला. सोयाबीनच्या लाटेत ताटातली ज्वारी, डाळ, भाजी मागे पडली होती. ती त्या एकरात परतली, आधी घरासाठी आणि उरले तर बाजारासाठी. 2017 मध्ये या कामाला इक्वेटर पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी केंद्राच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत उस्मानाबादचे नाव आले, ही गोष्टही विसरता येत नाही.

आज काटे आहेत, दंडघेराची पट्टी आहे, ताईच्या हातात मोबाइल आहे. तरीही दिवाळीच्या सुमारास भूम, परंडा, वाशी, कळंबकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उचल घेऊन साखर कारखान्यांकडे निघतात, तेव्हा पोरे सोबत कोपीवर जातात. गावच्या अंगणवाडीत त्यांचे वजन होत नाही आणि फडात काटा नसतो. कारखाने आणि जिल्हा परिषदांनी एवढे तरी करावे: गळीत हंगामात ऊसतोड मजुरांच्या प्रत्येक तळावर काटा न्यावा आणि वजन खरे लिहावे.