परदादांची नोंद शोधायला पुरालेखागारात जाताय? आधी हे वाचा

जात पडताळणीची फाईल अडकली की आपल्या घरात एकदम परदादांची आठवण होते. पिंजारी, अत्तार, तांबोळी, बागवान अशा ओबीसी बिरादरींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि जुन्या दाखल्यावर बऱ्याचदा नुसतं ‘मुसलमान’ लिहिलेलं असतं. मग कुणीतरी सांगतं, पुरालेखागारात जा. जरूर जा, पण तयारी न करता गेलात तर दिवस वाया जातो. आमचा पहिला दिवस असाच गेला. परदादांचं नाव ठाऊक होतं, गाव ठाऊक होतं, तालुका मात्र आम्ही आजचा सांगत बसलो.

म्हणून सुरुवात गावापासून करा. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं. त्याआधी हातकणंगल्याच्या भागाला आळते म्हणत. कागल, इचलकरंजी, विशाळगड, बावडा या जहागिरी होत्या. कुरुंदवाड तर वेगळंच संस्थान. आणि चंदगडवाल्यांनी बेळगावचा रस्ता धरावा, तो तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता.

दुसरी गोष्ट, सगळं पुरालेखागारात नसतं. जन्म-मृत्यूची नोंद हवी तर गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, तहसीलच्या अभिलेख कक्षात मागा. जुने फेरफार तलाठी आणि तहसीलकडे. शाळेचं जनरल रजिस्टर तर आधी बघाच. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, त्यामुळे त्यानंतरच्या पिढीचं नाव खेड्यातल्या शाळेतही सापडू शकतं. पुरालेखागार हे संस्थानी दफ्तरासाठी: इनाम, वतन, नेमणुका, दर्गा-मशिदीच्या सनदा. मुजावर, काझी, मुल्ला, जमादार, किल्लेदार ही आडनावं असतील तर इथं जास्त आशा आहे, कारण ही मुळात कामाची नावं. ज्याच्याकडे काम, त्याचा हिशेब दफ्तरात.

कागद बहुतेक मोडीत असतात. घाबरू नका. मोडी वाचणारे लोक कोल्हापुरात आहेत, पुराभिलेख खातं मोडीचे वर्गही घेतं. पण कागद समितीपुढे ठेवायचा असेल तर लिप्यंतर कुणाकडून केलेलं चालतं, हे आधी समितीलाच विचारा. नाही तर पैसे दोनदा जातात.

आता गंमत ऐका. जुन्या मराठी कागदावरची तारीख वाचताना भल्याभल्यांची दांडी उडते, ती आपल्या मदरशात शिकलेल्या पोराला चटकन कळते. ‘सलास मयातैन व अलफ’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे तीन, दोनशे आणि हजार: १२०३. हा हिजरी नव्हे, शुहूर सन. यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे १८०२-०३. हे वर्ष मृगाला सुरू होतं. फसली असेल तर ५९० किंवा ५९१ मिळवा, शक असेल तर ७८. महिना मात्र चांद्रच: ‘छ १२ रमजान’, जिल्काद, जिल्हेज. नावांत ‘वलद’ दिसला की त्याच्या पुढचं नाव बापाचं. शजरा जोडायला हा एकच शब्द पुरतो.

जाताना ओळखपत्र, अर्ज आणि घरात असतील त्या जुन्या कागदांच्या झेरॉक्स न्या. कामाचे दिवस आणि वेळ आदल्या दिवशी फोन करून विचारा. आत पेन नको, पेन्सिल न्या. कागद कापडात बांधलेले असतात, त्या गाठोड्याला ‘रुमाल’ म्हणतात. आधी सूची बघायची, मग रुमाल मागायचा. मोबाईलनं फोटो काढण्याआधी परवानगी घ्या. आणि एकाच स्पेलिंगला चिकटू नका. अब्दुल्ला कुठं ‘अबदुला’ होतो, इमामुद्दीन कुठं नुसता ‘इमाम’.

निघण्याआधी घरातल्या बुजुर्गांपाशी बसा. दादी, फुफी यांना विचारा: शेत कुठं होतं, कुठल्या दर्ग्याचा उरूस आपल्याकडे होता, कुणाच्या वाड्यावर कोण नोकरीला होतं. नोंद सापडली तर रुमालाचा आणि पानाचा क्रमांक तिथंच लिहून घ्या. प्रमाणित नक्कल मागताना तोच लागतो.